हत्तीच्या कानाचा गोड पदार्थ

नमस्कार श्रोतेहो.

पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा का वाढतात, हे परक्या माणसाला पटवून देणं कठीण. गोडावर आंबट-खारट कशाला, असं तो विचारणारच. इस्फहानचा माणूस मात्र विचारणार नाही. इराणच्या त्या शहरात, शाह अब्बासने उभारलेल्या नक्श-ए-जहान चौकाच्या आसपास, दूघ आणि गूश-फील ही जोडी मिळते. दूघ म्हणजे पुदिना घातलेलं खारट ताक. गूश-फील म्हणजे तळून साखरेच्या पाकात बुडवलेली पारी. एक घास हिचा, एक घोट त्याचा. काही जण तर ती सरळ ताकात बुडवूनच खातात!

अफगाणिस्तानात हाच पदार्थ गोश-ए-फील होतो, आणि तिथे पाक नाही. नाव दोन्हीकडे एकच, हत्तीचा कान. आकार पाहिलात की नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही. मैद्यात अंडी, दूध, थोडं लोणी आणि वेलदोड्याची पूड घालून पीठ मळतात, झाकून ठेवतात. मग लाटणं. सगळी कसोटी इथेच. पारी इतकी पातळ हवी की खालचा पोळपाट दिसावा. जाड राहिली तर तळल्यावर ती पुरीच होते. गोल कापून एका कडेला ओल्या बोटांनी चिमटा काढायचा, चुणी पडते, कान तयार. चिमटा सैल राहिला तर तो कढईत उलगडतो. तळायला जेमतेम मिनिट लागतं, म्हणून एकावेळी एकदोनच सोडायचे. रंग फिकटच ठेवायचा, निथळायचे, वर पिठीसाखर आणि पिस्त्याची भरड.

हे बहुतेक ईदला किंवा नवरोजला होतं. नवरोज म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमाराचं नवं वर्ष. तेव्हा घरोघरी हफ्त मेवाही असतो: मनुका, अक्रोड, बदाम, पिस्ते असा सात प्रकारचा सुकामेवा पाण्यात भिजवलेला. पाहुणे येत राहतात, हिरवा चहा ओतला जातो, आणि परातीतले कान कमी होत जातात.

माझं मत विचाराल, तर कान अफगाणी बरा. पाकात पडला की त्याचा कुरकुरीतपणा फार वेळ टिकत नाही, आणि एवढी पातळ लाटण्याची मेहनत त्या कुरकुरीतपणासाठीच तर असते. ताकाची जोडी मात्र इस्फहानकडून घ्यावी.