चिप्सच्या तेलावर चार्ज झालेली गाडी: नलारबोरच्या रस्त्यावर नक्की काय बदलतंय?

(कॅमेऱ्यासमोर, हातात चिप्सचा कागदी पुडा)

नमस्कार मंडळी. हा पुडा बघा. बटाट्याच्या जाडजूड चिप्स, वर मीठ. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही हायवेवर, कुठल्याही रोडहाऊसमध्ये मिळतात तशाच. रोडहाऊस म्हणजे पेट्रोल पंप, खानावळ, दोनचार खोल्यांचं लॉज आणि किराणा दुकान, सगळं एकाच छपराखाली.

आता या चिप्स तळून झाल्यावर कढईत तेल उरतं. आपल्याकडे आई ते गाळून दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कायगुना नावाच्या रोडहाऊसमध्ये ते तेल गाळून जनरेटरमध्ये घातलं, आणि त्या जनरेटरवर इलेक्ट्रिक गाड्या चार्ज केल्या. चेष्टा नाही. २०२२ च्या जानेवारीत तिथे ५० किलोवॅटचा चार्जर सुरू झाला. पर्थमधले निवृत्त इंजिनियर जॉन एडवर्ड्स यांनी लोकांकडून वर्गणी काढून ही उठाठेव केली.

हा प्रकार मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी हसलो होतो. मग नकाशा उघडला, आणि हसू थांबलं.

(नकाशा स्क्रीनवर)

हे पर्थ. ही अ‍ॅडलेड, मी इथे राहतो. मधे हा आयर हायवे. नॉर्समनपासून पोर्ट ऑगस्टापर्यंत साडेसोळाशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग नलारबोरच्या पठाराच्या कडेने जातो. नलारबोर हे नाव लॅटिन आहे, अर्थ ‘एकही झाड नाही’. एका पट्ट्यात तर रस्त्याला १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. काही ठिकाणी डांबरावर विमानाच्या धावपट्टीचे पांढरे पट्टे रंगवलेत, कारण फ्लाइंग डॉक्टरचं, म्हणजे दूरच्या रुग्णांपर्यंत उडत जाणाऱ्या वैद्यकीय सेवेचं विमान गरज पडली तर रस्त्यावरच उतरतं.

नॉर्समनहून निघालात की १९० किलोमीटरवर बॅलाडोनिया. तिथून १८० वर कायगुना. मग कॉकलबिडी, मदुरा, मुंड्राबिला, युक्ला, आणि राज्याच्या सीमेवर बॉर्डर व्हिलेज. ही गावं नाहीत बरं का. एकेक रोडहाऊस आहे, आजूबाजूला झुडपं. नॉर्समन ते बॉर्डर व्हिलेज साधारण ७२० किलोमीटर. कायगुनाचा चार्जर येण्याआधी या अख्ख्या टप्प्यात एकही फास्ट चार्जर नव्हता. मुंबईहून समृद्धीने नागपूरला निघालात, आणि मधे गाडी भरायला काहीच नाही असं समजा. वर एसी लावायचाय, समोरून वारा आहे, आणि मोबाइलला रेंज नाही.

या टप्प्यात कायगुना बरोबर मध्यावर येतं. म्हणून चार्जर तिथे.

आता मुद्द्याकडे येतो. ‘आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, इलेक्ट्रिक गाडी चालेल का’ हा प्रश्न आला की सगळे गाडीची रेंज बघतात. माझं म्हणणं असं आहे की तिथे प्रश्न गाडीचा कमी आणि रोडहाऊसचा जास्त आहे. कारण शहरातल्या पंपाच्या मागे विजेची तार असते. इथे तार नाही. नलारबोरवरची रोडहाऊसं कुठल्याच ग्रिडला जोडलेली नाहीत. तिथला फ्रीज, तिथला दिवा, तिथली चिप्सची कढई, सगळं त्यांच्या स्वतःच्या डिझेल जनरेटरवर चालतं, आणि ते डिझेल टँकरने येतं.

लगेच तुम्ही म्हणाल, मग शेवटी डिझेलच जाळलं ना? ते इंजिनात जाळा नाहीतर जनरेटरमध्ये.

चांगला प्रश्न आहे, हिशोब करू. बरा जनरेटर एक लिटर डिझेलमधून साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज काढतो. हायवेच्या वेगाला मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला १८-२० युनिट खाते. भागाकार केलात तर शंभर किलोमीटरला सहा लिटरच्या आसपास डिझेल. त्याच रस्त्यावर धावणारी मोठी डिझेल फोर-बाय-फोर दहाच्या वर पिते. म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीतसुद्धा इलेक्ट्रिक गाडी त्या धुडापेक्षा कमी जाळते. पण खरं सांगायचं तर एखादी छोटी हायब्रिड पाच लिटरमध्ये तेवढंच अंतर जाते. तेव्हा डिझेल जनरेटरवर चार्ज करून फार पुण्य पदरी पडतंय अशातला भाग नाही. चिप्सच्या तेलाची गंमत इथे आहे. ते तेल एकदा आपलं काम करून मोकळं झालेलं असतं.

मग सोलर का नाही? ऊन तर फुकट आहे, आणि जागा म्हणाल तर क्षितिजापर्यंत.

अडचण अशी की फास्ट चार्जरला वीज एकदम लागते. गाडी आली की तासभर ५० किलोवॅट ओढणार, आणि मग चार तास कुणी फिरकणार नाही. म्हणून मधे मोठी बॅटरी लागते. आपल्याकडे अंगणात रांजण असायचा तसं. तो हळूहळू भरत राहायचा, आणि पाहुणा आला की तांब्या बुडवायचा. दुर्गम जागी नव्याने बसलेल्या काही चार्जरांची रचना अशीच आहे. पॅनेल, बॅटरी, आणि ढगाळ आठवड्यासाठी कोपऱ्यात एक डिझेल जनरेटर. हे सगळं उभं करायला भरपूर पैसे लागतात, आणि गिऱ्हाईक दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. कुठला खासगी धंदेवाला यात पैसे घालेल? म्हणूनच इथे सरकार उतरलंय.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने उत्तरेला कुनुनुरापासून दक्षिणेला एस्परन्स आणि पूर्वेला मुंड्राबिलापर्यंत ४९ ठिकाणी चार्जर उभे केले. साउथ ऑस्ट्रेलियात आरएए या वाहनचालकांच्या संस्थेने सरकारी मदतीने राज्यभर जाळं टाकलं. केंद्र सरकारने २०२२ च्या शेवटी एनआरएमए या दुसऱ्या संस्थेबरोबर ठरवलं की राष्ट्रीय हायवेंवर ११७ ठिकाणी, साधारण दर दीडशे किलोमीटरला, चार्जर हवा. कागदावर चित्र छान दिसतं. प्रत्यक्षातलं आता सांगतो.

(खुर्ची जवळ ओढून)

गेल्या वर्षी मी आणि माझा मेहुणा पर्थला निघालो. माझी इलेक्ट्रिक, त्याची डिझेल. मुद्दामच दोन गाड्या, व्हिडिओ करायचा म्हणून. वाटेत एका रोडहाऊसला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुठलं रोडहाऊस ते सांगत नाही, त्या लोकांनी खूप मदत केली. चार्जर एकच होता. त्याला आधीच एक गाडी लागलेली, तिच्यामागे दुसरी उभी. पहिल्या माणसाला ९० टक्क्यांपर्यंत भरायचं होतं, कारण समोरून वारा होता आणि पुढचा चार्जर चालू आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. त्याचं काही चुकलं नाही. मीही तेच केलं असतं.

मेहुणा आला आणि म्हणाला, “दाजी, माझी टाकी भरली, चहा झाला, पाय मोकळे करून झाले. तुमचं किती टक्के?”

माझे ११ टक्के.

माझा नंबर लागला पाच वाजून गेल्यावर. चार्ज होईस्तोवर सूर्य टेकला. आणि इथे एक गोष्ट शहरातल्या माणसाला कळत नाही. आउटबॅकमध्ये दिवस मावळला की शहाणा माणूस गाडी चालवत नाही. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे बाहेर पडतात, आणि ११० च्या वेगाला साठ-सत्तर किलोचा प्राणी काचेवर आला की मग गाडी कशावर चालते याला काही अर्थ उरत नाही. म्हणजे चार्जिंगला गेलेला वेळ तुमच्या घड्याळातून जात नाही, उजेडातून जातो. आम्ही तिथेच खोली घेतली. मेहुणा बिचारा माझ्यामुळे अडकला आणि रात्रभर टोमणे मारत बसला.

तेव्हापासून मी चार्जर किती किलोवॅटचा आहे हे दुसऱ्यांदा बघतो. पहिल्यांदा बघतो, तिथे प्लग किती आहेत. शहरात एक चार्जर बंद पडला तर तुम्ही चिडता आणि पुढच्या चौकात जाता. इथे पुढचा चौक दीडशे किलोमीटरवर आहे. तो दुरुस्त करणारा माणूस तर आणखीच लांबून येणार. पंपावरचं नोजल बिघडलं तर शेजारचं असतं, तेही बिघडलं तर एखादा ट्रकवाला कॅनमधून वीस लिटर ओतून देतो. विजेला कॅन नाही. हल्ली काही इलेक्ट्रिक गाड्या दुसऱ्या गाडीला वीज देऊ शकतात, पण तीनेक किलोवॅटने. तासभर उभं राहिलात तर पंधरा किलोमीटर मिळतील.

कॅनवरून आठवलं. लँड क्रूझर ३०० च्या दोन टाक्यांत मिळून ११० लिटर डिझेल मावतं. एका लिटरात साधारण दहा युनिट ऊर्जा, म्हणजे अकराशे युनिट. माझ्या गाडीची बॅटरी ७५ युनिटची. इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवतं हे मान्य, तरी फरक केवढा आहे बघा. म्हणून मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडली की डिझेलवाला जास्त पैसे मोजतो आणि पुढे जातो. इलेक्ट्रिकवाल्याची रेंज निम्म्यावर येते आणि त्याला टप्पाच बदलावा लागतो. इथले निवृत्त लोक कॅरॅव्हॅन घेऊन महिनोन्‌महिने देश फिरतात. त्यांना सध्या तरी मी इलेक्ट्रिक घ्या म्हणणार नाही. डिझेलच बरं, किंवा प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी आणि इंधनावरही चालणारी गाडी.

या दुखऱ्या जागेवर राजकारण झालं नसतं तरच नवल. २०१९ च्या निवडणुकीत पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले होते की विरोधकांना तुमचा ‘वीकेंड संपवायचाय’, ही गाडी तुमची बोट ओढणार नाही, तुम्हाला आवडत्या कॅम्पिंगच्या जागी नेणार नाही. निवडणूक ते जिंकले. पण गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी क्वीन्सलँडमधल्या बिलोएलाच्या एका सत्तर वर्षांच्या शेतकरी आजीने टेस्ला घेऊन अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली होती. वीस हजार किलोमीटरच्या वर, आणि विजेचा खर्च सुमारे १५० डॉलर.

कशी? वाटेतल्या बऱ्याच भागात फास्ट चार्जर नव्हतेच तेव्हा. पण थ्री-फेज सॉकेट होते. शेतावरच्या शेडमध्ये, मेळ्याच्या मैदानावर, रोडहाऊसच्या मागच्या बाजूला. वेल्डिंग मशीनला लागतो तो जाड गोल प्लग. इलेक्ट्रिक गाड्यांच्या हौशी मालकांनी आपापसात पैसे काढून, सॉकेट विकत घेऊन, ठिकठिकाणच्या मालकांना ‘एवढा बसवाल का’ म्हणून विनवलं. त्यावर गाडी ११ किलोवॅटने भरते, म्हणजे रात्रभर झोपा आणि सकाळी निघा. सरकारी बोर्ड लागायच्या कितीतरी आधी देशाभोवतीची वाट या लोकांनी जोडून ठेवली होती. मला या सगळ्या प्रकरणातली हीच माणसं सगळ्यात जास्त आवडतात.

आणखी एक धागा आहे, तो आपल्या दाराशी येतो. १९८७ मध्ये डार्विन ते अ‍ॅडलेड, सुमारे तीन हजार किलोमीटर, सोलर गाड्यांची पहिली शर्यत झाली. तेव्हा सगळ्यांना ते खूळ वाटलं. पुढे क्वीन्सलँड विद्यापीठाच्या सोलर गाडीवर काम केलेल्या तरुणांनी २००१ मध्ये ब्रिस्बेनला ट्रिटियम नावाची कंपनी काढली आणि धूळ-उष्णता सोसणारे फास्ट चार्जर बनवले. ते जगभर गेले. पण २०२४ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. आणि ती विकत कुणी घेतली? गुरुग्रामच्या एक्झिकॉम या चार्जर बनवणाऱ्या कंपनीने.

बरं, या सुट्टीत पर्थ-अ‍ॅडलेड करणार असाल तर कामाचं सांगतो. ११० ऐवजी ९५ ने चालवा, मागून रोड ट्रेन, म्हणजे दोनतीन ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, आली तर शांतपणे डावीकडे सरका. पंचेचाळीसच्या उन्हात बॅटरी तापली की चार्जिंगचा वेग आपोआप कमी होतो, तेव्हा मोठी चार्जिंग सकाळी उरका. कायगुनाच्या आसपास घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे असतं, खानावळ बंद व्हायची वेळ त्याप्रमाणे बघा. वेळ घालवायला वाटेतल्या रोडहाऊसवर गोल्फचं एकेक होल आहे, १,३६५ किलोमीटर लांबीचं एकच मैदान. मी खेळलो, चेंडू झुडपात गेला, सापडला नाही.

आणि डिकीत थ्री-फेजची केबल टाका. या प्रवासात माझी दोनदा लागली. दुसऱ्यांदा लागली तेव्हा फास्ट चार्जरचा स्क्रीन काळा पडलेला होता, आणि रोडहाऊसच्या मालकीणबाईंनी मागच्या शेडमधल्या फ्रीझरचा प्लग काढून मला जागा करून दिली.