काम प्रत्यक्षात कसे चालते : विल व्हान डर आल्स्ट यांची संशोधन-वाटचाल

नेदरलँड्सच्या दक्षिणेला असलेले आइंडहोव्हन हे फिलिप्स कंपनीभोवती वाढलेले शहर आहे. 1956 साली येथे तंत्रविद्यापीठाची पायाभरणी झाली आणि कारखाने, गोदामे व मालवाहतूक यांचे प्रश्न गणिताच्या भाषेत मांडणे हा या विद्यापीठाचा स्वभावच बनला. संगणकातल्या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसे चालते हे शोधणाऱ्या प्रोसेस मायनिंग या शाखेतले संशोधक विल व्हान डर आल्स्ट यांचा जन्म 1966 मध्ये, याच परिसरातल्या एअर्सेल गावी झाला. संगणकशास्त्राची पदवी त्यांनी आइंडहोव्हनमध्येच घेतली, आणि 1992 मध्ये डॉक्टरेटही तेथेच मिळवली. पेट्री नेटमध्ये काळाचा हिशेब कसा आणावा आणि तिचा मालवाहतुकीच्या नियोजनात कसा उपयोग करावा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

पेट्री नेट म्हणजे बाणांनी जोडलेल्या वर्तुळांची आणि चौकोनांची आकृती. वर्तुळे म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे कृती, आणि वर्तुळांतले काळे ठिपके म्हणजे टोकन. एखाद्या चौकोनाकडे येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात टोकन असेल तरच ती कृती घडू शकते. ती घडली की आधीची टोकन जातात आणि पुढच्या वर्तुळांत नवी उमटतात. कार्ल आडाम पेट्री या जर्मन गणितज्ञाच्या 1962 सालच्या प्रबंधातून आलेली ही मांडणी दिसायला साधी आहे. मात्र दोन कामे एकाच वेळी चालली आहेत की दोहोंपैकी एकच निवडायचे आहे, हा फरक ती निःसंदिग्धपणे दाखवते. व्हान डर आल्स्ट यांनी हे साधन पुढे कधीच सोडले नाही.

1990 च्या दशकात बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती वर्कफ्लो प्रणाली विकत घेऊ लागली होती. अर्ज आला की तो कोणाकडे जाईल, मंजुरी कोण देईल, नकार मिळाल्यास पुढे काय होईल, हे सारे आधी आकृतीत काढायचे आणि मग संगणकाने त्याबरहुकूम काम पुढे ढकलायचे, अशी ही कल्पना होती. अडचण अशी की प्रत्येक विक्रेत्याची आकृती काढण्याची पद्धत वेगळी होती, आणि काढलेली आकृती मुळात चालेल का, हे तपासण्याची सोय बहुतेकांकडे नव्हती. व्हान डर आल्स्ट यांनी यासाठी वर्कफ्लो नेट नावाचा पेट्री नेटचा एक मर्यादित प्रकार मांडला आणि तिच्या निर्दोषपणाची काटेकोर व्याख्या दिली. प्रकरण, म्हणजे एखादा अर्ज, कोणत्याही टप्प्यावर असले तरी तेथून शेवटापर्यंत जाता आले पाहिजे, शेवट झाल्यावर मागे काही लटकत राहता कामा नये, आणि कधीच घडू शकणार नाही अशी कृती आकृतीत असता कामा नये. त्यांचा 1998 सालचा या विषयावरील लेख आजही विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच वाचायला दिला जातो.

त्यानंतरचे काम ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील आर्थर तेर होफस्टेडे यांच्या साथीने झाले. बाजारातल्या प्रणालींना नेमके काय जमते आणि काय जमत नाही, हे विक्रेत्यांच्या जाहिरातींवर विश्वास न ठेवता तपासण्यासाठी त्यांनी कामाच्या प्रवाहातील वारंवार येणाऱ्या रचनांचे वर्गीकरण केले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात अशा 20 रचना होत्या. पुढच्या आवृत्तीत ती संख्या 43 वर गेली. 2003 मध्येच आइंडहोव्हनमध्ये बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, म्हणजे कामाच्या प्रक्रियांचे व्यवस्थापन, या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. संगणकशास्त्रज्ञ, माहिती प्रणालींचे अभ्यासक आणि व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक तोवर आपापल्या परिषदांना जात असत. त्यांना हे सामाईक व्यासपीठ मिळाले, आणि ही परिषद आजही चालू आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी ही एक भरीव कारकीर्द ठरली असती. पण व्हान डर आल्स्ट यांना एक गोष्ट खटकत होती. सभागृहात बसून काढलेली आकृती आणि कार्यालयात प्रत्यक्ष चाललेले काम यांचा मेळ बसत नसे. अधिकारी नियमात काय लिहिले आहे ते सांगत, कर्मचारी आठवेल ते सांगत, आणि आकृतीत उतरे ते काम कसे व्हायला हवे याविषयीचे सर्वांचे मत. दुसरीकडे त्याच कार्यालयांतले संगणक प्रत्येक कृतीची नोंद मुकाट्याने करून ठेवत होते. आपल्याकडच्या आवक-जावक नोंदवहीत फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर पोहोचली याचा माग राहतो, तसाच हा माग होता. फक्त तो लाखो ओळींचा होता आणि सहसा कोणी उघडून पाहत नव्हते.

मग प्रश्नच उलटा केला गेला. आकृतीवरून काम चालवण्याऐवजी झालेल्या कामाच्या नोंदींवरून आकृती काढता येईल का? प्रोसेस मायनिंगचा गाभा हाच.

हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. 1998 मध्येच आयबीएमच्या आल्मडेन प्रयोगशाळेतील राकेश अगरवाल आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील कुक आणि वुल्फ ही जोडी, यांनी त्या दिशेने काम प्रसिद्ध केले होते. व्हान डर आल्स्ट यांचे वेगळेपण समांतर कामांच्या हाताळणीत दिसते. टॉन वेइटर्स आणि लॉरा मारुश्टर यांच्यासह 2004 मध्ये त्यांनी अल्फा अल्गोरिदम मांडला. त्याची युक्ती थोडक्यात सांगता येते. नोंदींमध्ये ‘तपासणी’नंतर लगेच ‘मंजुरी’ येते, पण ‘मंजुरी’नंतर लगेच ‘तपासणी’ कधीच येत नाही, तर पहिली कृती दुसरीचे कारण मानावी. दोन्ही क्रम आढळले तर त्या कृती समांतर मानाव्यात. एकही क्रम आढळला नाही तर त्यांच्यात थेट संबंध नाही असे धरावे. एवढ्या निरीक्षणांतून अख्खे पेट्री नेट उभे राहते.

खऱ्या नोंदींपुढे मात्र हा अल्गोरिदम टिकत नाही. एखादी नोंद चुकीची असली तरी निष्कर्ष बदलतो, आणि तेच काम लगोलग पुन्हा करावे लागणारी लहान आवर्तने त्याला ओळखता येत नाहीत. तरीही मला तो या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो, कारण कोणत्या अटींवर मूळ प्रक्रिया नोंदींतून अचूक परत मिळवता येते, हे त्याने सिद्ध करून दाखवले. पुढच्या सुधारणा बव्हंशी त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी केल्या. वेइटर्स यांनी वारंवारता मोजून विरळ, चुकीच्या नोंदींचा गोंगाट गाळण्याची पद्धत आणली. ॲन रोझिनाट यांनी व्हान डर आल्स्ट यांच्यासह आकृतीवर प्रत्यक्ष नोंदी पुन्हा चालवून त्या कोठे जुळत नाहीत हे मोजण्याचे तंत्र विकसित केले. सँडर लीमन्स यांनी तर निघणारी आकृती निर्दोषच असेल अशी हमी देणारी रीत शोधली. प्रोम हे मुक्त सॉफ्टवेअर या सर्वांचे सामाईक घर होते. नवा विद्यार्थी आला की त्याने आपली पद्धत प्रोममध्ये जोडायची आणि ती जगाला वापरू द्यायची, अशी ही शिस्त होती.

नोंदीही खुल्या केल्या गेल्या. प्रोसेस मायनिंगच्या 2012 च्या स्पर्धेसाठी एका डच वित्तसंस्थेच्या कर्ज-अर्जांचा संच देण्यात आला. त्यात 13,087 अर्ज आणि 2,62,200 घटना होत्या. संस्थेचे नाव न सांगता दिलेल्या या संचावर जगभरातल्या संशोधकांनी आपल्या पद्धती पारखल्या. 2011 मध्ये व्हान डर आल्स्ट यांचे प्रोसेस मायनिंगवरील पाठ्यपुस्तक आले, आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये तिघा तरुणांनी प्रोसेस मायनिंगचे सॉफ्टवेअर विकणारी सेलोनिस ही कंपनी सुरू केली. त्याआधी, 2009 मध्ये, रोझिनाट आणि क्रिस्टियान ग्युंथर यांनी आइंडहोव्हनमध्ये अशाच फ्लुक्सिकॉन कंपनीची स्थापना केली होती. 2018 मध्ये परदेशातल्या नामवंत संशोधकांना जर्मनीत आणण्यासाठी दिले जाणारे हुम्बोल्ट प्राध्यापकपद स्वीकारून व्हान डर आल्स्ट सीमेपलीकडच्या जर्मन शहरात, आखेनच्या विद्यापीठात गेले. पहिली आंतरराष्ट्रीय प्रोसेस मायनिंग परिषद 2019 मध्ये तेथेच भरली. 2021 पासून ते सेलोनिसचे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणूनही काम पाहू लागले. विद्यापीठातील मुक्त साधनांचा पुरस्कर्ता आणि व्यापारी उत्पादनाचा वैज्ञानिक सल्लागार या दोन भूमिकांत ओढाताण नसेलच असे नाही. परंतु कंपन्यांकडून येणारे प्रश्न त्यांच्या संशोधनाला नवे वळण देत गेले, हेही खरे.

त्यांतला एक प्रश्न सध्या केंद्रस्थानी आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक घटना एकाच प्रकरणाची धरली जाते. पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये बसून परदेशी कंपन्यांच्या सॅप प्रणाली (खरेदी, विक्री, हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या अभियंत्यांना ही अडचण चांगलीच ठाऊक आहे, कारण खरेदी-आदेशाचा मथळा ईकेकेओ या तक्त्यात असतो, त्यातल्या वस्तू ईकेपीओमध्ये असतात, आणि बिले व माल-पोचपावत्या आणखी निराळ्या तक्त्यांत. एका आदेशात तीन वस्तू असतील आणि प्रकरण म्हणून आदेश निवडला, तर तीन वेगवेगळ्या वस्तूंची बांधणी आकृतीत एकाच कामाची पुनरावृत्ती भासते. प्रकरण म्हणून वस्तू निवडली, तर एकदाच दिलेला आदेश तीनदा मोजला जातो. दोन्ही वेळा आकृती दिशाभूल करते आणि व्यवस्थापक नसलेल्या विलंबाचा शोध घेत बसतो.

यावर आखेनच्या गटाने सुचवलेला उपाय असा, की एका घटनेला आदेश, वस्तू, बिल अशा हव्या तितक्या वस्तुरूपांशी जोडता यावे. अशा नोंदींसाठीचा ओसेल हा आराखडा 2020 मध्ये आला. 2023 च्या दुसऱ्या आवृत्तीत या वस्तुरूपांचे आपापसातले नाते आणि काळानुसार बदलणारी त्यांची किंमत किंवा स्थिती हीदेखील नोंदवता येऊ लागली. आता काम चालले आहे ते जुन्या प्रणालींच्या विखुरलेल्या तक्त्यांतून अशी नोंद तयार करण्यावर. हे काम किचकट आहे, आणि त्यातले बरेचसे अजूनही माणसांनाच हाताने करावे लागते.