पतपेढी कॉलेजच्या गेटमधून आत येते तेव्हा

पहिली लेक्चर संपलीत, कॅन्टीन भरलंय, आणि हे काका आले बघा. खांद्याला बॅग, हातात छोटं मशिन. पिग्मी एजंट, म्हणजे पतसंस्थेसाठी रोजची छोटी बचत गोळा करणारे. बाजारपेठेतली दुकानं उरकून ते कॉलेजात येतात, कुणी वीस देतं कुणी पन्नास, मशिनमधून पावती निघते आणि पोरं परत गप्पांत. सातारा जिल्ह्यातल्या या कॉलेजात पतसंस्थेची ओळख अशी झाली, बॅनर लावून किंवा गॅदरिंगला पैसे देऊन नाही, रोज तोच माणूस समोर येतो म्हणून.

मागे बागेत पाणी घालतायत ती 'कमवा आणि शिका'मधली मुलं. साताऱ्याला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पैसा नव्हताच. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करायचे, त्याला मुष्टिफंड म्हणायचे, आणि तेही पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी, कर्मवीरांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1930 मध्ये त्या गेल्या. पुढे रयतच्या परिवारात मुलांना शिक्षणासाठी कर्ज देणारी पतपेढी उभी राहिली तिला त्यांचंच नाव दिलं, लक्ष्मीबाई भाऊराव पाटील शिक्षणोत्तेजक पतपेढी. पतपेढी आणि विद्यार्थी यांचं नातं इथल्या मातीत इतकं जुनं आहे, आणि आपल्या बऱ्याच पतसंस्था अजून कॉलेजकडे फक्त स्टाफच्या पगारासाठी बघतात.

कॉलेजातलं हे काउंटर स्टाफच्याच पतसंस्थेचं. सेवकांच्या या पतसंस्थेत प्राध्यापक असो की शिपाई, कर्ज पटकन मिळतं, कारण हप्ता पगारातून कापला जातो आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस जामीनदार म्हणून सही करतो. विद्यार्थ्याकडे पगारही नाही आणि जामीनदारही नाही. मग त्याची पत ठरवायची कशावरून? या पिग्मीच्या पुस्तकावरून. वर्षभर न चुकता भरलेले पैसे त्यात दिसतात, त्याच ठेवीच्या तारणावर परीक्षा फीपुरतं, मेसच्या डिपॉझिटपुरतं कर्ज देता येतं, आणि पोरगं पहिल्यांदा स्वतःच्या नावावर कर्ज घेऊन फेडतं.

अठरा पूर्ण झाली की सभासद होता येतं. पण बऱ्याच ठिकाणी नाममात्र सभासद करून मोकळे होतात, म्हणजे मतच नाही. पूर्ण सभासद करा ना! सहकारात एका सभासदाला एकच मत, शेअर एक असो की शंभर, आणि कॉलेजातल्या पोराला चेअरमनइतकंच मत मिळतं अशी जागा दुसरी कुठं आहे?

काही पतसंस्था बुडाल्यात, लोकांच्या ठेवी अडकल्यात, आणि बँकेत 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला असतो तसा विमा पतसंस्थेत नसतो, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आणि ही वार्षिक सभा. 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. मागच्या रांगेत कॉमर्सची मुलं बसलीत, अहवालातलं ताळेबंदाचं पान उघडून. यातली काही पुढे सहकार खात्याची जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची परीक्षा देणारेत. माईक आता त्या मुलीकडे गेलाय, तिला थकबाकीबद्दल विचारायचंय. ऐकूया.