जिवंत भिंतीची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. रक्तदाबाचा विषय निघाला की नळाची उपमा हमखास येते. पाण्याचा जोर वाढला, नळ फुटला. मला ती फारशी पटत नाही. नळ निर्जीव असतो. धमनीची भिंत जिवंत असते आणि जोर सोसता सोसता ती स्वतःला बदलत जाते. खरी गोम तिथेच आहे.

या भिंतीच्या आत पेशींचं एकपदरी अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने मधल्या थरातले स्नायू सैलावतात. ज्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, तो हाच. दाब सतत चढा राहिला की हा वायू कमी पडतो आणि स्नायू आवळलेले राहतात.

आता सुतासारख्या बारीक धमन्या घ्या. ताण पेलण्यासाठी त्यांची भिंत जाड होते. पण बऱ्याचदा तिच्यात नवी भर पडतच नाही. आहेत त्याच पेशी आतल्या बाजूला सरकून दाटीने बसतात. म्हणजे जाडी वाढते ती पोकळी खाऊन. आणि पोकळीचा हिशेब फार कडक! त्रिज्या निम्मी झाली तर रक्ताला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. नुसती दहा टक्के घटली तरी दीडपट. तेवढंच रक्त पुढे न्यायचं तर हृदयाला जोर वाढवावा लागतो. दाबाने भिंत जाड झाली, आता जाड भिंत दाब उतरू देत नाही.

महाधमनीचं दुखणं वेगळं. ती ठोक्यासरशी फुगते ती इलास्टिनच्या तंतूंमुळे. हे तंतू बहुतेक लहानपणापर्यंतच तयार होतात, पुढे जन्मभर तेच पुरवायचे. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, त्यात दाब जास्त. तंतू तुटतात आणि भार कोलॅजनवर येतो. ते चिवट, पण ताठ. म्हणून उतारवयात वरचा आकडा १६० आणि खालचा ७० असं दिसतं. ‘खालचा तर छान आहे की!’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. अहो, एवढी तफावत म्हणजे बहुधा धमनी ताठल्याची खूण.

औषधांनी दाब आटोक्यात राहिला तर बारीक धमन्या काही अंशी पूर्ववत होतात. तुटलेलं इलास्टिन मात्र परत येत नाही.

हे सगळं घडताना सहसा दुखत-खुपत काही नाही. चिरफाड न करता या बारीक वाहिन्या थेट दिसतात त्या डोळ्याच्या पडद्यावर. जाड झालेली धमनी शिरेला ओलांडते, तिथे शीर चिमटल्यासारखी दिसते. रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर डोळे तपासून घ्या म्हणतात, ते चष्म्याच्या नंबरासाठी नव्हे.