माळावरचा गळ

(दृश्य: उघडा माळ, मध्ये पाण्यानं भरलेला पाझर तलाव. बांधावर दोन-तीन कुटुंबं बसलेली.)

सातारा काय, सांगली काय, दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. त्यामुळं पोरांना घेऊन मासे धरायला जायचं म्हटलं, की कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरायचा, कोकणात दोन दिवस राहायचं आणि परत यायचं. कोकण कोकणच आहे, त्याला तोड नाही. पण गळ टाकून बसायचं सुख आपल्या घाटावरही आहे, आणि तेही अशा तालुक्यांत, ज्यांचं नाव घेतलं की टँकरच डोळ्यांसमोर येतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ.

इथले कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळातले. धान्याला महाग झालेल्या बायाबापड्यांनी दुष्काळी कामावर पाट्या वाहून हे बांध घातले. बांध झाले, पण पाऊस हुकला की तळ उघडा पडायचा. पुढं टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी पंपानं उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवलं. आता आवर्तन, म्हणजे योजनेच्या पाण्याची पाळी, सुटलं की यातले बरेच तलाव भरून घेतात. ज्यांनी माती वाहिली, त्यांची पतवंडं आज त्याच बांधावर काठी धरून बसतात. आमच्या जिल्ह्यांत यापेक्षा मोलाची सहल मला तरी माहीत नाही.

(दृश्य: आजोबांचे हात जवळून. तंगूस, गळ, शिसं.)

सामान थोडं लागतं. सरळ बांबूची काठी, काठीएवढंच तंगूस (नायलॉनची दोरी), बारीक गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी. त्याच्याही वर ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा, साल काढलेला. हा तुकडा पाण्यावर उभा तरंगतो, आणि सगळा खेळ त्याच्यावर नजर ठेवायचा.

धाटाचा तुकडा तंगुसावर कुठं बांधायचा, यावर कोणता मासा लागणार ते ठरतं. तलावात सोडलेल्या माशांच्या बीजात (बारीक पिल्लांत) कटला, रोहू आणि मृगळ असतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाला. तिघं एकाच तलावात राहतात आणि एकमेकांचा घास खात नाहीत. पोरांना हे पुस्तकातून सांगून कळत नाही. तुकडा दोन हात वर सरकवला आणि वेगळा मासा आला, की लगेच कळतं.

गळाला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी. नाहीतर गांडूळ.

(दृश्य: धाटाचा तुकडा थरथरतो. नातीचा आवाज.)

"आज्जा, हलतंय! वढू का?"

"आत्ता न्हाई. चाखतोय त्यो. बुडू दे की नीट."

"गेला, गेला!"

"हां, आता वढ. हिसका देऊ नगंस."

चिलापी. तळहाताएवढी, करडी, पाठीवरचा पर काट्यांनी ताठ. नवख्या पोरांच्या काठीला बहुतेक वेळा हीच येते. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, आपल्या देशात 1952 साली आणला आणि मग सगळीकडं पसरला. मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं निघाल्यावरही काही दिवस धोका दिसला, की ती आईच्याच तोंडात शिरतात. कधी गळाला आलेल्या मादीच्या तोंडातून पिल्लं बाहेर पडतात. अशी मादी आली, तर गळ हळूच सोडवून तिला लगेच पाण्यात सोडावी. पोरं ते बघतात, आणि पुढच्या वेळी तुम्ही विसरलात तर तीच आठवण करून देतात.

शिंगटा, म्हणजे मिशावाला बिनखवल्यांचा मासा, आला, तर मात्र पोराला हात लावू देऊ नका. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बगलांना काटा असतो, तो टोचला की हात ठणकतो. ओल्या फडक्यात धरून मोठ्यांनीच गळ काढायचा.

(दृश्य: कृष्णेचा काठ, मळीवर ऊन खात पडलेली मगर.)

मग थेट कृष्णेवरच का जाऊ नये, असं पुष्कळ जण विचारतात. याचं कारण हे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. नदी त्यांचीही आहे. पण पाण्यात पाय सोडून बसणारं पोर तिथं नेऊ नये, एवढं मी ठासून सांगेन. तलावावर गेलात तरी आधी गावात विचारा.

तलावाचा स्वतःचा धोका वेगळा. मुरूम उपसून पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल एकदम पुरुषभर खोल जातं. म्हणून बसायचं बांधावर, आणि निसटलेली काठी आणायला कोणीही पाण्यात उतरायचं नाही. काठी दुसरी मिळते.

आणि विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. बऱ्याच तलावांचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. आधी जाऊन भेटलं, चार-दोन मासेच धरणार म्हणून सांगितलं, तर माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

(दृश्य: पहिला पाऊस, गढूळ ओढा.)

जून-जुलैत काठ्या माळ्यावर ठेवा. 1 जून ते 31 जुलै समुद्रातही यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मासा तेव्हा अंड्यावर येतो म्हणून. आपल्याकडं पाटण, जावळीच्या ओढ्यांतून चढणीचे मासे वर जातात ते याच दिवसांत. पोटात गाभोळी असलेली मादी मारली, की पुढच्या सालचे मासे आपणच कमी केले. ओढ्यात विष कालवणं किंवा सुरुंग लावणं हा तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरीही ते कुठं चालू दिसलं, तर पोलीस पाटलाच्या कानावर घाला.

दिवाळीनंतर पाणी निवळतं, ऊन सोसवतं. तेव्हा निघा. उठताना तंगुसाचे तुकडे वेचून खिशात घाला, बगळ्यांच्या पायांना ते गुरफटतात.

(दृश्य: चूल, तवा.)

चिलापीचे खवले शेपटीकडून डोक्याकडं खरवडून काढायचे. हळद-मीठ, वर कांदा-लसूण चटणी, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. पोरांच्या ताटात पाठीकडचा तुकडा द्या, त्यात काटे कमी. रोहू, मृगळात बारीक काटे फार, त्यांचा रस्सा करा, मोठी माणसं भाकरीशी निवांत खातील.