आधी उंची मोजा

मित्रहो, विषय जाहीर झालाय तो 'आर्केड कॅबिनेटमध्ये आधुनिक मॉनिटर बसवणं', म्हणजे उभं राहून गेम खेळायच्या त्या जुन्या लाकडी कपाटात, आणि मला ४० मिनिटं दिली आहेत. सिग्नल, कन्व्हर्टर, लॅग म्हणजे चित्राला होणारा उशीर, सगळं सांगणार आहे. पण त्याआधी मला एका करवतीबद्दल बोलायचंय.

ओळखीच्या एका माणसाने मला त्याचं कॅबिनेट बघायला बोलावलं. भारदस्त, २५ इंची ट्यूबचं, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या चित्रनळीचं, आणि आत १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ या लढतीच्या गेमचा बोर्ड. वर्षभरापूर्वी चित्र आक्रसायला लागलं होतं, कडा आत ओढल्यासारख्या दिसत होत्या. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना हे दुखणं माहीत असणार. ट्यूब गेल्याचं हे लक्षण नव्हे. चासीवरचे, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटवरचे, कपॅसिटर सुकले की असंच होतं, आणि ते बदलले की बहुतेक वेळा चित्र पुन्हा ताठ उभं राहतं. त्याला ते कुणी सांगितलं नाही. ट्यूब बाहेर निघाली, उचलताना मागची काचेची मान तुटली, आणि तिथेच संपली.

मग नवा मॉनिटर. त्याने विचार केला, जुना २५ इंच, तर आपण ३२ घेऊ, चित्र मोठंच मिळेल. पण ३२ इंची रुंद पडदा आडवा धरला तर जवळजवळ २८ इंच भरतो, आणि कॅबिनेटच्या दोन फळ्यांमध्ये २४ इंचही जागा नव्हती. पडदा आत जाईना, म्हणून दोन्ही फळ्यांना करवतीने खाचा पाडल्या आणि मॉनिटर आरपार बसवला. कानांसारखा तो दोन्हीकडे बाहेर आलेला मी बघितला आणि मला काही बोलता येईना.

बाजूची फळी ही नुसती भिंत नसते. कॅबिनेटचं सगळं वजन तिच्यावर असतं. जॉयस्टिक ओढताना खेळणारा अंगातलं बळ लावतो, तो हिसका तीच पेलते. तिच्या कडेला बारीक चीर असते, त्यात प्लास्टिकची टी पट्टी ठोकलेली असते. ती चीर तुटली की पट्टी धरत नाही, आणि पट्टी सुटली की फळीत ओल शिरते. बाजूचं रंगीत चित्र तर कापलं गेलंच. खेळायला उभा राहिलो, जॉयस्टिक दोनदा मागे ओढली, आणि अख्खं कॅबिनेट हललं.

आणि एवढं करून पडद्यावर काय दिसत होतं? लढणारा प्रत्येक जण एक तृतीयांश जास्त रुंद. मी म्हटलं, चित्र ताणलंय. तो म्हणाला, नाही, गेमच रुंद आहे, ३८४ ठिपके आडवे आणि २२४ उभे, ३८४ ला २२४ ने भागा. भागलं तर १.७१ येतं, आणि आजचा पडदा १.७८ असतो. म्हणजे जवळजवळ जुळतंच की! हा युक्तिवाद मी त्यानंतर अनेकदा ऐकलाय, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण तो मूर्खपणाचा नाही. आकडे खरे आहेत. चूक एवढीच की ठिपका चौकोनी असतो हे त्यात गृहीत धरलंय. ट्यूबला ठिपका माहीत नसतो, तिला रेघा माहीत असतात. एका रेघेत ३८४ रंग भरा नाहीतर २५६, ती रेघ त्याच ४:३ च्या, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच, काचेवर ताणली जाते. स्ट्रीट फायटरचा ठिपका त्यामुळे ७ रुंद आणि ९ उंच पडतो. चित्रकारांनी माणसं काढली ती या काचेवर बघण्यासाठी. कागदावर ती जाडी दिसतात, काचेवर शिडशिडीत होतात.

पॅकमॅन गोल असतो हे ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. सगळे! छान, म्हणजे आपलं भांडण नाही. १९८० चा तो गेम २२४ ठिपके रुंद आणि २८८ उंच, उभ्या ट्यूबवर ३:४ मध्ये दिसणारा. तो आडव्या रुंद पडद्यावर पूर्ण ताणला तर मूळच्या सुमारे २.४ पट रुंद होतो. असा पॅकमॅन मी लोकांना आनंदाने खेळताना पाहिलंय आणि मला दरवेळी वाईट वाटलंय.

तर माझं म्हणणं इतकंच आहे: कर्ण, म्हणजे मॉनिटरच्या नावातले इंच, विसरा. कॅबिनेटपाशी टेप घेऊन जा आणि जुन्या चित्राची उंची मोजा, नंतर दोन फळ्यांमधली रुंदी मोजा. मॉनिटर या दोन आकड्यांनी निवडायचा. रुंद पडद्यावर ४:३ चं चित्र केवढं मिळेल हे काढायला त्याच्या कर्णाला ०.८२ ने गुणा. २४ इंचीवर साडेएकोणीस इंचाचं चित्र, २७ वर २२, ३२ वर २६. आता कळेल की त्या माणसाला ३२ का लागला. २५ ची बरोबरी करायला दुसरा आकडाच नव्हता. अशा मोठ्या कॅबिनेटसाठी माझा सल्ला कडक आहे: ट्यूब दुरुस्त करा, नाहीतर लहान चित्र मान्य करून भोवती काळी चौकट लावा. करवत नको.

१९ इंची कॅबिनेटचं दैव चांगलं. एक काळ २०.१ इंचाचे, १६०० बाय १२०० ठिपक्यांचे ४:३ एलसीडी निघत. चित्र १६ बाय १२ इंच, आणि जुन्या चित्राच्या २४० रेघांना बरोबर ५ ने गुणलं की १२००, एकही रेघ पुसट नाही. आजच्या पडद्याच्या १०८० रेघांना २४० ने भागलं तर साडेचार येतं, तिथे रेघा जाड-बारीक होतात. जुना असला तरी असा मॉनिटर मिळाला तर सोडू नका. बाजारात १९ इंची चौकोनी म्हणून दिसतात ते बहुतेक ५:४ असतात, तेही चालतात, वर-खाली थोडी काळी पट्टी राहते.

उभ्या गेमला मात्र २४ इंची रुंद पडदा उभा करून लावलात तर बारा इंचाला जरा कमी रुंदी मिळते, पॅकमॅनच्या जुन्या काचेएवढीच. फक्त पॅनल आयपीएस घ्या, ते कुठूनही बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. टीएन पॅनल उभं केलं की डाव्या बाजूने एक रंग, उजव्या बाजूने दुसरा, आणि शेजारी उभ्या मित्राला वेगळाच.

उभ्या गेमवरून १९७८ चं स्पेस इन्व्हेडर्स आठवलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या उभ्या कॅबिनेटमध्ये मॉनिटर तुमच्यासमोर नसतोच. तो खाली निजलेला असतो, आणि अर्धपारदर्शक आरशातून चित्र चंद्राच्या रंगवलेल्या देखाव्यावर तरंगतं. आरशामुळे उलटं होऊ नये म्हणून ट्यूबचा किरण वळवणाऱ्या कॉइलच्या तारा उलट जोडल्या की काम होई. एलसीडीला कॉइल नाही, म्हणून चित्र आधीच उलटवून द्यावं लागतं. तो आरसा काढून तिथे सरळ पडदा ठोकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, थांबा.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं उरली. मग भराभर.

जुना बोर्ड १५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार रेघांच्या वेगाने, बोलतो, संगणकाचा मॉनिटर ३१ च्या पुढे ऐकतो. मध्ये दुभाष्या हवा. जीबीएस ८२०० सारखे स्वस्त बोर्ड चित्र आणतात पण उशीर लावतात. ओएसएससी नावाचा कन्व्हर्टर रेघा जागच्या जागी दुप्पट-पाचपट करतो, उशीर जवळजवळ नाही. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद, आणि लढतीच्या गेममध्ये दोन फ्रेमचा उशीर हाताला कळतो. १९८५ च्या जामा या आर्केड बोर्डांच्या प्रमाणित जोडणीतून येणारा रंगांचा सिग्नल ०.७ व्होल्टपेक्षा बराच तगडा असतो, तो रोधांनी उतरवूनच पुढे द्या. मॉर्टल कोम्बॅट ५४.७ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेमवर, धावतं. ६० च्या पडद्यावर ते अडखळतं, म्हणून बदलता रिफ्रेश असलेला, म्हणजे गेमच्या वेगाशी जुळवून घेणारा, मॉनिटर घ्या. प्रकाश ओळखणारी बंदूक ट्यूबच्या किरणावर चालते, एलसीडीवर चालणार नाही.

ट्यूब काढणार असाल तर बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. डिस्चार्ज करता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. नव्या मॉनिटरची वीज ट्यूबच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून घेऊ नका, सरळ मुख्य लाइनवरून द्या. विकत घेण्याआधी एकच चाचणी करा: प्लग उपटा, परत लावा, पडदा आपोआप चालू होतो का बघा. होत नसेल तर दरवेळी मागचं दार उघडून बटण दाबावं लागेल.

पडदा बसवायला मी ट्यूबच्या जुन्याच चार बोल्टांवर आडवी फळी टाकतो आणि तिच्यावर १०० मिलिमीटरच्या भोकांची वेसा पट्टी, मॉनिटर पाठीमागून अडकवायची. कॅबिनेटला एकही नवं भोक पडत नाही, आणि उद्या ट्यूब मिळाली तर तासाभरात परत बसते. ती फळी इथे टेबलावर आहे. मापं पाठीमागे लिहिली आहेत, ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्या.