'वरून'ला इंग्रजीत काय म्हणावे?

सभ्य स्त्री-पुरुषहो, इंग्रजीत गती आणि दिशा दाखवणाऱ्या अव्ययांविषयी मी बोलावे, असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. आपली शब्दयोगी अव्यये नामाला मागाहून चिकटतात आणि इंग्रजीतली नामाआधी सुटी उभी राहतात, हे आपण सारे शाळेतच शिकलो. माझी तक्रार मात्र पंचमीच्या 'ऊन' या प्रत्ययाविषयी आहे. पंचमी म्हणजे अपादान, अपादान म्हणजे वियोग आणि वियोग म्हणजे 'फ्रॉम', हे समीकरण आपण इतके घोकले की 'पुलावरून गेला' यात पुलाचा वियोग कोणालाच झालेला नाही, हे कधी लक्षातच आले नाही.

एकदा मराठी न जाणणाऱ्या एका पाहुण्यांना मी फोनवर 'कम फ्रॉम पत्र्या मारुती, देन फ्रॉम लकडी पूल' असा पुण्यातल्या डेक्कनचा रस्ता सांगितला. मनात अर्थातच 'पत्र्या मारुतीवरून या, मग लकडी पुलावरून' हे होते. गृहस्थ काटेकोर. प्रवासाचा आरंभ देवळापासून करायचा आहे, असे समजून ते रिक्षातून उतरले, चपला काढून आत गेले, दर्शन घेतले आणि तिथून नव्याने निघाले; मग पुलाच्या तोंडाशी पुन्हा उतरून त्यांनी फोन केला, की आता पुलापासून कोणत्या दिशेला निघू? मला पुण्य लागले असेल तर ते चुकीच्या अव्ययामुळे. (नारायण पेठेतली मंडळी हसत आहेत, म्हणजे हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा.) मला हवे होते ते देवळासाठी 'पास्ट' आणि पुलासाठी 'ओव्हर'. झाडावरून पडला तर 'ऑफ', गर्दीतून गेला तर 'थ्रू', खोलीतून बाहेर आला तर 'आउट ऑफ': आपला एकच 'ऊन' उगमही दाखवतो आणि वाटही, इंग्रजी मात्र ही कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून देते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली आहेत, म्हणून मूळ विषय आता घाईने सांगतो. 'तो धावत खोलीत शिरला' यात दिशा 'शिरला' या क्रियापदात आहे आणि धावणे हे धातुसाधित झाले आहे. 'ही रॅन इन्टू द रूम' यात धावणे क्रियापदात आणि शिरणे 'इन्टू'मध्ये आहे. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने याच निकषावर भाषांचे वर्गीकरण केले. तेव्हा भाषांतर करताना अव्ययासाठी अव्यय शोधू नका, आपल्या क्रियापदासाठी त्यांचे अव्यय शोधा. धावत रस्ता ओलांडला, तर ओलांडणे 'अक्रॉस'मध्ये जाते. जंगल पार केले, तर चहूबाजूंनी वेढलेली जागा म्हणून 'थ्रू' येते. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या 'एन्टर'च्या पोटात शिरणे आधीच असल्याने खोलीत शिरताना त्याला 'इन' जोडायचे नाही, आणि 'पुण्याला पोहोचलो' मधला 'ला' आठवून 'रीच'पुढे 'टू' लावायचा नाही. 'गो होम'मध्येही 'टू' नाही, पण आपणही 'घराला जातो' म्हणत नाही, 'घरी जातो' म्हणतो. बसला 'ऑन' आणि मोटारीला 'इन' का, हे चहाच्या वेळी विचारा.